उणे अर्धा

विष्णुपुरीत इंजिनिअरिंगच्या पोरांना मी गणित शिकवतो. डबल इंटिग्रेशन अडलं की क्रम बदला, आधी एक्सऐवजी वायचं करा, उत्तर तेच येतं, असं दर वर्षी सांगतो. फंक्शन कुठं अनंताकडं जात असेल, तर उणे भागही धन धरून बेरीज मर्यादित राहते का, हे आधी तपासावं लागतं. ते मात्र सांगत नाही. परीक्षेत त्याला मार्क नाहीत, मग कोण डोकं खपवतो!

परवा लातूरला एका कॉलेजात प्राध्यापकांच्या मुलाखती घ्यायला गेलो. एक उमेदवार माझाच जुना विद्यार्थी निघाला, देवणीकडचा. त्यानं फळ्यावर बिनधास्त क्रम बदलला.

"कशाच्या आधारावर?" माझ्या शेजारी मुलाखतीला बसलेल्या बाईंनी विचारलं.

"चालतंय की, मॅडम."

बाईंनी दुसरं गणित घातलं आणि दोन्ही क्रमांनी सोडवायला लावलं. एकदा उत्तर अर्धा आलं, एकदा उणे अर्धा. त्यानं पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही.

तो बाईंकडं वळला, जराही न डगमगता.

"मॅडम, तुमच्या गणितातच गडबड असंल. सर इथंच बसलेत, विचारा की त्यांना."