येथे कागद फाटला आहे

घरात कुणाला माहीत नाही. हिला नाही, मुलाला नाही. आणि आमच्या अरविंदाला, म्हणजे चुलतभावाला, कळलं तर? तो माझी पाठ थोपटेल. तीच तर भीती आहे. चार वर्षं झाली, ही गोष्ट मी ओठांबाहेर पडू दिलेली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. तरी एक विचारतो — तुम्हाला कुणी पाठवलेलं नाही ना?

रागावू नका. स्वभावच तसा आहे. ही म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी आधी चपला कुठे ठेवल्यात ते बघता, मग देवाकडे. बघतोच! जमिनीच्या नोंदींच्या सरकारी कचेरीत अडतीस वर्षं खिडकीमागे बसलो. माणसं काय काय घेऊन यायची — खोटे दाखले, खोट्या सह्या, खोटं रडूसुद्धा. माझं उत्तर ठरलेलं असायचं: कागद दाखवा. कागदावर नाही, ते नाही.

निवृत्तीनंतर कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून माणसाने करायचं काय? सकाळी टेकडी, दुपारी वामकुक्षी. शेवटी मोडीच्या वर्गाला जायला लागलो. जुने कागद ज्या लिपीत आहेत ती मोडी. आता ती वाचणारे थोडेच. मला अक्षर लागायला लागलं आणि अरविंदाने लगेच आमचा कुलवृत्तांत माझ्या गळ्यात घातला. घराण्याचा मूळ पुरुष कोण, कुठून आला, पुढे कुणाला कोण झालं, हे सगळं छापून घ्यायचं. आमचं गाव मुळशीकडचं. रान तोडून ते आमच्या मूळ पुरुषाने वसवलं, हे वाक्य आम्ही पाळण्यापासून ऐकत आलो. म्हणूनच जत्रेतला पहिला नारळ अजून आमचा. अरविंद तो फोडायला दरवर्षी जातो आणि संध्याकाळच्या आत फोटो ग्रुपवर टाकतो.

अरविंदाच्या कपाटात एक गाठोडं होतं. पत्रं, पावत्या, आणि त्यात एक लांबलचक कागद. कधीकाळी शेजारच्या गावाशी शिवेवरून भांडण झालं होतं, तेव्हा पंचांसमोर सांगितलेली हकीकत त्यात लिहिलेली. अख्ख्या घराण्यात मोडी येणारा मी एकटा. म्हणजे तो कागद काय म्हणतो, ते मी म्हणेन तेच. कळतंय ना मी कुठे येतोय ते?

मी तो कागद घरी आणून कपाटात ठेवला आणि त्याच आठवड्यात भालेरावांचा फोन आला. राहायला वारजे, बँकेतून निवृत्त, पण मूळ आमच्याच गावचे. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, मग नोकरीसाठी पुण्यात आले. आमच्या कुलवृत्तांताची बातमी त्यांना गावातूनच कळली होती. घरी आले, चहा घेतला, आणि अगदी हळू बोलले. "अहो, वडील एक्याण्णव वर्षांचे आहेत. जन्मभर सांगत आले की गावातलं पहिलं घर आमचं. येसनाक नावाचा पूर्वज. पाणी त्याने शोधलं, शिवेचे धोंडे त्याने रोवले, मग बाकीचे आले. गाव हसायचं त्यांना. कुठल्या कागदात ते नाव असेल तर त्यांना एकदा बघायचंय. आणखी काही नाही."

आणखी काही नाही? माझ्या खिडकीशी येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा. आत्ताच बरी आठवण झाली? गावाजवळ फार्महाउसच्या पाट्या लागल्यावरच? मागे एखादा वकील असेल का? ते मान वर करून बघत होते, तेव्हा मला वाटलं, कपाट न्याहाळताहेत. बिचारे पंख्याकडे बघत होते. उकडत होतं आणि पंखा बंद होता. मी तो लावलाही नव्हता. मी म्हणालो, वाचून झालं की कळवतो.

अरविंद फोनवर म्हणाला, "एकदा नाव छापलंस की संपलं. आज नाव, उद्या नारळ, परवा जमीन." जमिनीचं निमित्त मी पुढे स्वतःलाही पुष्कळ दिलं. ते खोटं आहे. जमीन त्या कागदाने हलणार नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? अडतीस वर्षं मी दुसरं काय केलं!

आठ दिवस वाचत होतो. आणि मग त्या चार ओळी आल्या. शाई काळीभोर, कसर नाही, डाग नाही. आम्ही आलो तेव्हा येसनाकाचं घर होतं. पाणी त्याने दाखवलं, शीव त्याने दाखवली, त्याने सांगितल्या जागी आम्ही घरं बांधली. आणि हे सांगणारा कोण? आमचाच मूळ पुरुष! भर पंचांत उभं राहून त्याने हे सांगितलं होतं, आणि मी घरात एकटा असूनही उठून दार लावून घेतलं. लाज वाटली — पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त राग आला. पुस्तकाचं पहिलंच वाक्य मी लिहून ठेवलं होतं. रान तोडून हे गाव वसवणारा तो आमचा मूळ पुरुष.

भालेरावांना फोन केला. म्हणालो, सगळा कागद वाचला, असं नाव कुठेही नाही. ते म्हणाले, "बरं. तुम्ही एवढा वेळ दिलात, आभारी आहे." पुस्तकात मी त्या चार ओळींच्या जागी टिंबं दिली आणि कंसात लिहिलं: येथे कागद फाटला आहे. जुन्या कागदांच्या पुस्तकांत अशा कंसांची काय वाण! कुणाला शंका येत नाही.

इथवर खोटेपणा झाला. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. प्रकाशनाच्या दिवशी अरविंदाने मला शाल-श्रीफळ दिलं. खाली उतरलो, तर मोडीच्या वर्गातले एक गृहस्थ जवळ आले. मूळ कागद कधी बघायला मिळेल, त्यांनी विचारलं. सहज विचारलं की मुद्दाम? भालेरावांनी पाठवलं असेल का? दुसऱ्या दिवशी दुपारी ही बहिणीकडे गेली होती. मी कागद टेबलावर काढला. कात्री लावली असती तर कड सरळ आली असती, तेवढी अक्कल नोकरीने दिलेली. म्हणून ओल्या कापसाने कागद भिजवला, बोटांनी हळूहळू ओढत फाडला, कड चुरगाळली. त्या चार ओळींचा तुकडा वाटीभर पाण्यात कुस्करून बेसिनमध्ये ओतला. पुस्तकात लिहिलं होतं ते खरं केलं. तो कागद बघायला आजवर कुणीही आलेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. माझ्यासारख्या पेन्शनरांची ही रांग. माझ्या पुढे दोन माणसं सोडून भालेराव. मी खाली बघितलं, पण त्यांनी हाक मारली. वडील गेले म्हणाले. मी जे म्हणतात ते म्हणालो. मग ते म्हणाले, "तुमचा निरोप सांगितला ना, त्यानंतर येसनाकाची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. नातवंडं मागे लागायची. तर म्हणायचे, नको, जाणत्या माणसाने वाचलंय, कागदात नाही. आपण उगीच खोटं सांगत आलो."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. हा माणूस मला जोखतोय का? मला बोलतं करतोय का? कुठेतरी काहीतरी असायलाच हवं होतं. काही नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्यांच्या वडिलांनीही ठेवला होता, आणि त्या विश्वासापायी स्वतःला खोटं ठरवून ते गेले.

रांग सरकली. खिडकीशी भालेरावांचा नंबर आला. त्यांनी मागे वळून मला हात केला. "अहो, तुम्ही या पुढे. वयाने मोठे आहात, आधी तुमचं होऊ द्या." मधल्या दोघांनीही बाजूला होऊन वाट दिली.

मी पुढे गेलो.