भोपळ्यातला पहिला घोट

मीठखात्याच्या कामासाठी मला कल्याणच्या बंदरातून मचव्याने मिठागरांवर जावं लागे. त्या मचव्यात एक म्हातारा कोळी हमखास भेटे. आपल्या दारच्या ताडाची ताडी तो वाळक्या भोपळ्यात भरून आणी. मचवा भर खाडीत आला की उठून पहिला घोट पाण्यात ओती आणि म्हणे, "आदी दर्याला, मंग मना." मग असा काही घटाघटा पिई की मी उपरणं नाकाला लावून तोंड फिरवत असे.

पुढे परवान्याशिवाय ताडीसाठी ताड छेदायला सरकारने बंदी केली आणि बंदरावर शिपाई बसला. म्हातारा तरीही भोपळा घेऊन आला. शिपायाने बूच काढून हुंगलं, भोपळा उलटा केला. आत टिपूस नव्हता.

"रिकामा कशाला मिरवतोस रे म्हाताऱ्या?"

म्हाताऱ्याने भोपळा परत घेतला आणि मचव्यात चढला.

भर खाडीत तो नेहमीसारखा उठला. भोपळा पाण्यावर कलता धरून बराच वेळ उभा राहिला.

"आदी दर्याला," म्हणाला, आणि खाली बसला.

पुढचे शब्द आलेच नाहीत. माझं उपरणं मात्र सवयीने नाकाशी गेलं होतं.