तळघरातली इटली

साऱ्या उत्तर हिंदुस्थानात इटलीची तांबडी वाइन जर कुणा एका माणसाला कळत असेल, तर ती माझ्या बायकोच्या मामांना कळते, असं एक मत होतं. हे मत मामांचं स्वतःचं होतं. पण ते त्यांनी इतकी वर्षं आणि इतक्या ठामपणे मांडलं, लग्नाच्या पंगतीत मांडलं, बँकेच्या रांगेत मांडलं, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंडात चिमटा असताना मांडलं, की हळूहळू माझीही तशीच समजूत झाली.

वास्तविक वाइनशी संबंध यावा असं मामांच्या पत्रिकेत काही नव्हतं. मूळचे साताऱ्याचे, पक्के शाकाहारी, नोकरी फरीदाबादला, ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, खरेदी खात्यात. परदेशी यंत्रं आणायला सरकारनं नुकती मोकळीक दिली होती, म्हणून कंपनीनं त्यांना एक यंत्र बघायला इटलीच्या उत्तरेला पाठवलं. मधे रविवार आला. परक्या मुलखातल्या पाहुण्याला हॉटेलात एकटं कसं ठेवायचं, म्हणून यंत्रवाला त्यांना आपल्या सासुरवाडीला घेऊन गेला. सासुरवाडी म्हणजे डोंगरउतारावरचा द्राक्षमळा, एक म्हातारा, त्याची बायको, दोन मुली, आणि घराखालच्या तळघरात म्हाताऱ्याच्या आजोबांनी बनवून घेतलेली खोलीएवढाली लाकडी पिंपं. सकाळी आत गेलेल्या मामांना संध्याकाळी हाताला धरून बाहेर काढावं लागलं. परत आल्यावर यंत्र कसं होतं विचारलं तर ‘बरं होतं’ म्हणायचे. पिंपांबद्दल विचारायची गरजच नव्हती, ते आपणहून सांगायचे.

मला तो मळा न बघताच पाठ झाला आहे. द्राक्षं घरच्याच माणसांनी हातानं खुडायची. वाइन तीन-तीन वर्षं त्या जुन्या पिंपांत नुसती बसवून ठेवायची, मग बाटलीत भरून पुन्हा बसवून ठेवायची. आजोबांनी लावायचं, नातवानं प्यायचं, असा एकूण कारभार. धाकट्या जावयानं एकदा सुचवलं, की अमेरिकेत लहान, कोऱ्या पिंपांतली वाइन फटाफट खपते, तिला छान वासही येतो, आपणही तसं करू. म्हातारा म्हणाला, वास हवा असेल तर अत्तर लाव. हे वाक्य मामा इटालियनमध्ये म्हणून दाखवायचे. त्यांना इटालियन जेमतेम वीस शब्द येत होते आणि त्यातले बरेचसे ह्या वाक्यातच खर्ची पडले होते. म्हाताऱ्याचा फोटो त्यांच्या पाकिटात असे. कुणीतरी विचारायचं, वडील का? मामा म्हणायचे, तसंच काहीसं.

पुढे त्यांनी गुडगावला घर बांधलं. तेव्हाचं गुडगाव म्हणजे आखलेले प्लॉट, मधूनच मोहरीची शेतं, कुंपणावर मोर, आणि दिवसातून आठ तास वीज गायब. सगळे जण तळघर बांधत ते भाड्यानं द्यायला. मामांनी बांधलं ते वाइनसाठी, आणि वाइन घरात यायच्या आधी बांधलं. घरातला एकुलता एक एसी त्यांनी तिथे खाली लावला आणि वीज गेली की जनरेटर सुरू व्हायचा तोही त्या एसीसाठी. वर आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले असायचो आणि खाली म्हाताऱ्यानं धाडलेल्या पाच-सहा बाटल्या थंडाव्यात आडव्या झोपलेल्या असायच्या. मामा थर्मामीटर गळ्यात अडकवून दिवसातून तीनदा उतरायचे आणि वर येऊन ‘चौदा’ एवढंच जाहीर करायचे. नव्या पाहुण्याला मग उष्णतेवरचं व्याख्यान ऐकावं लागे. वाइन जिवंत असते, उकाड्यात तिचा जीव जातो, असं सुरू होऊन ते पाऊण तास चालायचं. शेवटी शेवटी मामांचा आवाज दाटून यायचा. आम्हाला ते व्याख्यान फार आवडायचं. मामींना ते ऐकू येत नसे. लग्नाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून मामांचं बोलणं सुरू झालं की त्यांचं मन आपोआप दुसऱ्या कामाला लागे, आणि संसार त्यामुळेच टिकला असं त्या मोकळेपणानं सांगायच्या. मामी अतिशय प्रेमळ बाई. मे महिन्यात एकदा मेथीची जुडी घेऊन तळघरात निवडायला बसल्या, तेव्हा मामांनी वासाचं कारण देऊन त्यांना वर पाठवलं. तेवढ्याचा त्यांना थोडा राग होता.

ती वाइन मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा कच्ची जांभळं खाल्ल्यासारखी जीभ टाळ्याला चिकटली. रंगही फिका, विटेच्या भुकटीसारखा. मी तसं म्हणालो. मामा म्हणाले, तुम्ही पाच वर्षं घाई केलीत. बाटली त्यांनीच उघडली होती. शाकाहारी माणसानं ही मांसाहारी मुलखातली वाइन कशाशी प्यावी ह्यावर त्यांनी स्वतःचं शास्त्र तयार केलं होतं. खोबऱ्याच्या वाटणाशी ती भांडते, दाण्याच्या कुटाशी जमवून घेते, बटाट्याच्या भाजीला ओळखच दाखवत नाही, आणि भरल्या वांग्यांबरोबर, मामांच्या शब्दांत, ‘माहेरी आल्यासारखी वागते.’ मी खाऊन-पिऊन बघितलं. वांग्यांबद्दल ते खरं होतं. शेजारच्या सरदारजींनी एकदा प्रेमानं आपल्या पेल्यात बर्फ टाकला, तर मामांनी चमचा घेऊन एकेक खडा बाहेर काढला आणि ‘सरदारजी, बुजुर्ग आदमी को ठंडे पानी से नहलाते हैं क्या?’ असं विचारलं. सरदारजींनी खरोखर माफी मागितली. मामांपुढे लोक माफी मागायचे, ह्याचं कारण मामांनी स्वतः ती कधी मागितलेली कुणाला आठवत नव्हती. एकदा आम्हाला दिल्लीला नेताना ते जयपूरच्या रस्त्याला लागले आणि भलत्याच दिशेचं मानेसर आलं. मामांनी गाडी थांबवली, उतरले, आणि म्हणाले, हेच दाखवायचं होतं तुम्हाला, इथे पुढे मोठी वस्ती होणार. पुढे ती झालीसुद्धा, त्यामुळे आमची फारच पंचाईत झाली.

तर अशा ह्या माणसानं मुदतीआधी नोकरी सोडली, ती त्या म्हाताऱ्याची वाइन दिल्लीत आणण्यासाठी. मोठ्या हॉटेलांना परदेशी वाइन मागवता येऊ लागली होती. दिल्लीतलं एक बडं हॉटेल चाखून बघायला तयार झालं. म्हाताऱ्यानं आजवर मामा सोडून युरोपाबाहेर कुणाला बाटली दिली नव्हती. त्यानं मामांना कळवलं, की माझ्या सगळ्यात चांगल्या वर्षाच्या चोवीस बाटल्या देतो, हॉटेलला पटली तर दिल्लीचं काम तुमचं, नाही पटली तर आपण मित्र आहोतच. त्या चोवीस बाटल्या मामांनी कारखान्यातल्या येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनियरांकडून दोन-दोन करून आणवल्या. दीड वर्ष लागलं. प्रत्येक बाटली उतरवून घ्यायला ते स्वतः विमानतळावर जायचे, आणि इंजिनियरला टॅक्सीनं जा म्हणायचे. मामांचं पुढचं सगळं आयुष्य आता त्या चोवीस बाटल्यांवर होतं आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मामींनाही.

हॉटेलातला तो वाइन चाखण्याचा कार्यक्रम गुरुवारी होता. त्याच आठवड्यात गणपती होते, आणि गुडगावातल्या आम्हा आठ-दहा मराठी घरांचा गणपती त्या वर्षी मामांकडे बसायचा होता. सोमवार-मंगळवार मामा कसल्याशा परवान्यासाठी दिल्लीत, सरकारी कचेऱ्यांत, रात्रीचा मुक्कामही तिकडेच. मामी मोठी पातेली काढायला तळघरात उतरल्या. पावसाळ्यात भिंतींना ओल आली होती. खाली कुबट वास, आणि बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर पांढरी बुरशी. मामींना वाईट वाटलं. नवऱ्याच्या चारचौघांत न्यायच्या बाटल्या, आणि त्यांना बुरशी? त्यांनी आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या जे करतात तेच केलं. चोवीसच्या चोवीस बाटल्या गच्चीवर नेल्या, जुनं लुगडं पसरलं, आणि रांगेत मांडून त्यांना ऊन दाखवलं. भाद्रपदातलं दिल्लीकडचं ऊन. दोन दिवस. दुपारी जाऊन त्यांनी सगळ्या बाटल्या परतूनही ठेवल्या, म्हणजे खालच्या बाजूला ओल राहायला नको. मग कोरड्या फडक्यानं पुसून पुन्हा जागच्या जागी लावल्या.

मंगळवारी संध्याकाळी मी मखराचं बघायला गेलो होतो तेव्हाच मामा दिल्लीहून आले. मामींनी मोठ्या कौतुकानं आम्हा दोघांना खाली नेलं. बाटल्या खरोखर लखलखत होत्या. मामींनी सगळं सांगितलं, परतून ठेवल्याचंही सांगितलं. मामांनी एक बाटली उचलली. तिचं बूच वर सरकलं होतं आणि गळ्याशी तांबडा चिकट ओघळ पुसल्याची खूण होती. दुसरी उचलली, तीही तशीच. मला वाटलं आता हे घर कोसळतं. मामा तिसरी उचलून तिच्या बुचावरून बोट फिरवत राहिले, ते बघून मामींचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांच्या व्याख्यानातलं काहीतरी त्यांच्या कानात शिरलेलं असावं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “उन्हानं काही झालं नाही ना?”

मामांनी बाटली हळूच जागेवर ठेवली. मग ज्या आवाजात ते सरदारजींना, बँकेला आणि दातांच्या डॉक्टरला समजावत, अगदी त्याच आवाजात म्हणाले, “उन्हानं? अगं, द्राक्षं पिकतात कशावर? चहा टाक.”

मामी हसत वर गेल्या. त्या गेल्यावर मामांनी एक बाटली उघडली. मनुका शिजायला ठेवून कुणी विसरून गेलं की येतो तसा वास आला. मग आणखी तीन उघडल्या. मी धीर करून म्हणालो, की मामा, त्या हॉटेलवाल्यांना काय कळतंय? हे लोक वाइनमध्ये बर्फ घालतात. बिनधास्त घेऊन जाऊ. मामा पायरीवर बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“त्यांना नाहीच कळणार,” ते म्हणाले. “पण बाटलीवर म्हाताऱ्याचं नाव आहे, जावईबापू.”

गुरुवारी आम्ही ठरल्या वेळी हॉटेलात गेलो, रिकाम्या हातांनी. मामींनी दारात दोघांच्या हातावर दही ठेवलं. बाटल्या गाडीत आहेत अशी त्यांची समजूत होती आणि त्या होत्याही, डिकीत, पण मामांनी त्या बाहेर काढल्याच नाहीत. तिथल्या मॅनेजरला त्यांनी सरळ सांगितलं, की माल माझ्या निष्काळजीपणानं उन्हात राहिला, खराब झाला, तुमचा वेळ घेतला, माफ करा. मॅनेजर तरुण होता, सुटाबुटातला. ‘नो प्रॉब्लेम अंकल’ म्हणाला आणि घड्याळाकडे बघितलं. येताना महिपालपूरला रस्त्यात एका ओळखीच्या ढाबेवाल्याकडे मामांनी डिकी रिकामी केली. त्यानं पुढे त्या वाइनचं काय केलं हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

म्हाताऱ्याला लिहायचं पत्र मी नेहरू प्लेसच्या माझ्या ऑफिसात टाइप केलं. मामा शेजारी बसून सांगत होते. बाटल्या मी स्वतः गच्चीवर विसरलो, दोन दिवस उन्हात राहिल्या, चूक सर्वस्वी माझी आहे. मी हात थांबवला. म्हटलं, मामा, निदान ‘घरात चूक झाली’ असं लिहू या, ते तर खोटं नाही. ते म्हणाले, त्याची बायको मला पत्रात दर वेळी विचारते, तुमच्या मिसेस कशा आहेत म्हणून. मी पुढे टाइप करत राहिलो. महिनाभरानं उत्तर आलं. म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, की त्या वर्षाची वाइन आता शिल्लक नाही, आणि बाटली गच्चीवर विसरणाऱ्या माणसाला काम देणं त्याच्या घरच्यांना पटत नाही, पण जेवायला केव्हाही या. मामांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि पाकिटात ठेवून दिलं.

मामींना सांगायची हकिगत वेगळी होती. हॉटेलवाल्यांना गोड सरबत हवं होतं, अस्सल माल त्यांच्या जिभेला झेपला नाही. मामींनी ती पुरी खरी मानली आणि त्या हॉटेलचं नाव निघालं की आजही त्या नाक मुरडतात. बाकी मामा पुढे अकरा वर्षं जसेच्या तसे होते. पिंपांचं सांगायचे, अत्तराचं वाक्य म्हणून दाखवायचे, दाण्याच्या कुटाचं शास्त्र शिकवायचे, मानेसर आपणच शोधलं म्हणायचे. फक्त उष्णतेवरचं व्याख्यान त्या घरात पुन्हा झालं नाही. कुणी विचारलंच, की वाइन थंडच का ठेवायची, तर मामा स्वयंपाकघराकडे बघायचे आणि भलताच विषय काढायचे.

मामांच्या शेवटच्या दिवाळीला माझा एक पुण्याचा मित्र आला होता. त्याला मी ह्या व्याख्यानाची फार तारीफ करून ठेवली होती. फराळाच्या ताटल्या आणता आणता मामीच म्हणाल्या, “अहो, ते तुमचं पूर्वीचं सांगा ना ह्यांना. थंडाव्याचं काहीतरी होतं बघा. किती छान सांगायचात.”

मामांनी चकलीचा तुकडा मोडला.

“विसरलो गं,” ते म्हणाले.

म्हाताऱ्याला लिहिलेलं ते पत्र सोडलं, तर आयुष्यात काही विसरलो असं मामांनी म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. मामी हळूच माझ्याकडे वळल्या आणि काळजीनं म्हणाल्या, “वय झालं हो आता ह्यांचं.”

मामांनी तेही मान्य केलं.