मिठाला राहिलेली दलदल

पाळकसाहेबांकडे चार-पाच गावं आहेत. त्यामुळे या वेळी आमच्या घरच्या प्रार्थनासभेत वचन वाचून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं; अर्थ त्यांनी आधीच समजावून दिला होता. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. मला सगळं कळतं असं सगळे धरून चालतात.

पाठ होता बायबलातल्या संदेष्ट्याला दिसलेल्या नदीचा. मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं, आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, कमरेएवढं. शेवटी पोहूनच जावं लागतं. पाणी म्हणजे देवाचा आत्मा, नदी जाईल तिथं सगळं जगतं, इथपर्यंत मी अडखळत का होईना सांगितलं. पुढची ओळ मात्र वाचवेना. दलदली तेवढ्या गोड होणार नाहीत, त्या मिठालाच राहतील, म्हणजे खारटच.

समोर अण्णा, माझे वडील, बसले होते. पाटाचं पाणी वर्षानुवर्षं मुरून, मीठ वर येऊन आमचं खालचं रान पांढरं पडलंय. जास्तीचं पाणी ओढ्यात नेणारा चर गाळानं भरतो, अण्णा तो पुन्हा उकरतात. रान सुधारेल यावर घरात आता त्यांचाच काय तो विश्वास.

"का थांबला रं? वाच की," अण्णा म्हणाले.

वाचलं.

"पाळकसाहेबांनी अर्थ काय सांगितलाय?"

"दलदल म्हणजे... कृपा नुसती साठवणारं मन. पुढे वाहू न देणारं."

पारनेरचे मामा हसले. "घ्या दाजी! आमी टँकरची वाट बघतो अन् तुमी पाण्यानंच बुडाला. वर मनबी खारट निघालं!"

मागून आई म्हणाली, "मनाला काय झालं न्हाई त्यांच्या. चर बुजलाय."

सभा संपल्यावर अण्णांनी मला अंगणात गाठलं. "मिठालाच राहील, असं पक्कं लिहिलंय?"

"हो."

"चर काढला तरी?"

मी पान उघडून पुन्हा पाहिलं. "चराचं काही लिहिलेलं नाही, अण्णा."

"मग उद्या तूपन चल. एकट्याला उरकत न्हाई आता."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही गाळ उपसला. मी दमून बांधावर बसलो. चरातलं पाणी हळूच हललं, ओढ्याकडे सरकू लागलं. अण्णा त्यात पाय घालून उभे राहिले. घोट्यालाही लागत नव्हतं. रान पांढरंच होतं.