कॉलेज रोडवरच्या चार भिंती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वडिलांना नाही, होस्टेलवरच्या मित्रांनाही नाही. चार वर्षं झाली. आता मी नागपूरला एम.ए. करतो आहे आणि इथं मला फारसं कुणी ओळखत नाही, म्हणून कदाचित लिहायला हात धजावतो आहे. तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलतो. मध्येच थांबलो तर रागावू नका.

आधी पोस्टरांचं सांगतो. खरं तर आधी दुसरंच सांगायला हवं. पण तिथपर्यंत मला पोस्टरांवरूनच जावं लागेल.

माझे वडील चामोर्शीकडच्या एका फिरत्या टॉकीजमध्ये कामाला होते. तंबूतला सिनेमा. तंबूचे खांब गाडायचे, आणि ते झालं की सायकलवर भोंगा बांधून गावोगाव पोस्टर लावत फिरायचं, हे त्यांचं काम. त्यांना वाचता येत नाही. सिनेमा ते तोंडावरून ओळखायचे. "तो मिशीवाला कोन्त्या सिनेमातला?" असं मला विचारायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. चंद्रपूरला सरकारी होस्टेलवर राहत होतो, आणि सुट्टीत गावी गेलो की वस्तीतली म्हातारी माणसंही माझ्यासाठी बाजेवर जागा करायची. मला ते आवडायचंही आणि अंगावरही यायचं.

आमच्या तंबूला सिनेमा मिळायचा तो सगळ्यांनी बघून झाल्यावर. पडद्यावर पाऊस पडतोय असं वाटावं इतक्या रेघा. आणि पोस्टर तर मिळायचेच नाहीत. वितरकाचं ऑफिस अमरावतीला. तिथून नवे पोस्टर यायचे ते मोठ्या थिएटरांना. तंबूवाल्याला कोण विचारतो? पण पोस्टर नसेल तर गर्दी कुठून येणार? म्हणून मग चंद्रपूरच्या भिंतींवरचे जुने पोस्टर आम्ही सोडवून आणायचो.

"आम्ही" म्हणजे मी आणि राजन्नाभाऊ.

राजन्नाभाऊ चंद्रपूरच्या एका थिएटरात पोस्टर लावायचे. मूळचे सिरोंचाकडचे, पन्नाशीचे, एकटे. वडिलांशी त्यांची जुनी ओळख. कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी वडील मला त्यांच्याकडे घेऊन गेले आणि म्हणाले, "भाऊ, पोरावर ध्यान ठेवजा." त्यांनी ठेवलं. थिएटरामागं चुलीवर ते मैद्याची खळ शिजवत बसायचे, तिथं मी कॉलेज सुटल्यावर जायचो. खळीत मोरचूद घालायचे, नाही तर बकऱ्या अख्खा पोस्टर चाटून खातात. त्यांना तेलुगू वाचता यायची, देवनागरी नाही. म्हणून 'रोज चार खेळ' अशा पट्ट्या मी लिहून द्यायचो आणि ते मला चहा पाजायचे.

भिंतीवरून पोस्टर सोडवायला त्यांनीच मला शिकवलं. ओढायचा नाही. पहाटे, भिंत गार असताना, ओल्या फडक्यानं आधी कडा भिजवायच्या, मग मधला भाग. एक बिडी संपेपर्यंत थांबायचं. मग वरच्या कोपऱ्यात बांबूची पातळ कामटी सरकवायची आणि कागद काठीवर गुंडाळत खाली यायचं. नीट जमलं तर एक चिंधी मागं राहत नाही. खाली त्याच्या आधीचा सिनेमा जसाच्या तसा दिसतो. चंद्रपूरला ते जुन्या नावानं चांदाच म्हणायचे. मला सांगायचे, "बाबू, आता चांद्यात दोघालेच येते हे. मले आन् तुले."

थिएटरच्या शेठबाबत त्यांचा एक नियम होता. "सिनेमा चालू हाय तवरिक कागद शेठचा. उतरला का माहा." गुरुवारी शेवटचा खेळ. शुक्रवारी पहाटे आमच्या तंबूला हवा असेल तो पोस्टर आम्ही दोघं मिळून सोडवायचो, आणि त्याच भिंतीवर ते नवा चिकटवायचे. सोडवलेले मी होस्टेलच्या गच्चीवर वाळवायचो आणि चामोर्शीच्या एस.टी.त कंडक्टरच्या हवाली करायचो. दीड वर्ष हे चाललं. तो नियम एकदाही मोडला नाही. माहीत नव्हता असं मला म्हणता येणार नाही, एवढ्यासाठी हे सांगतो आहे.

शिवरात्रीचे दिवस होते. मार्कंड्याच्या जत्रेत आमचा तंबू लागणार होता आणि मालकानं नागिणीचा एक सिनेमा मिळवला होता. शिवरात्रीला नागीण, याहून जास्त काय हवं? तो सिनेमा त्या आठवड्यात चंद्रपूरला चालू होता. गुरुवारी उतरणार आणि शुक्रवारी रिळांची पेटी थेट जत्रेत जाणार. वडिलांचं कार्ड आलं, शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. पोस्टर जत्रेच्या आधीच्या बाजारात, म्हणजे बुधवारी लागले पाहिजेत, मालक फार मागं लागला आहे, राजन्नाभाऊला विचारून बघ. खाली एक ओळ होती. ती मास्तरांनी वडिलांच्याच शब्दांत लिहिली होती — 'मालक म्हणते, पोरगा कॉलेजात हाय, चार पोस्टर नाई आनू शकत का?'

विचारून बघ, असं लिहिलं होतं. मी विचारलं नाही.

का नाही विचारलं? ते नाही म्हणतील म्हणून? कदाचित. पण कदाचित हो म्हणाले असते, स्वतः थिएटरच्या मॅनेजरशी बोलले असते. मग ते त्यांनी दिलेले पोस्टर झाले असते. मला ते माझे हवे होते. वडिलांनी मालकापुढं मान वर करून म्हणावं, पोरानं आनले. एवढीच हाव होती. फार मोठी नव्हती. पण होती.

मंगळवारी पहाटे मी एकटा गेलो. कॉलेज रोडवरच्या चार भिंती, तिथले सगळ्यात मोठे पोस्टर. राजन्नाभाऊंनी शिकवलं तसंच केलं. कडा भिजवल्या, थांबलो. चारही अखंड निघाले. खाली चारही ठिकाणी मागचा मारधाडीचा सिनेमा स्वच्छ दिसत होता. मला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं, हेही सांगून टाकतो. दुपारच्या गाडीनं पोस्टर रवाना झाले.

बुधवारी नेहमीसारखा मी थिएटरामागं गेलो. चूल पेटलेली होती, पण राजन्नाभाऊ उभे होते आणि मॅनेजरचा आवाज चढलेला होता.

"कॉलेज रोडच्या भिंती नंग्या काऊन दिसून राह्यल्या, राजन्ना? शेठनं सोता पाह्यलं स्कूटरवरून."

"लावले होते, साहेब. शुक्रवारीच लावले."

"मंग काय बकऱ्यानं खाल्ले? बकरी खाते तं चिंधी ठेवते बावा! खाली तर मागचाच सिनेमा हाय. लावलेच नाई तू. विकले."

तेव्हा बरेच लोक घरात कुडाच्या भिंतींना आतून पोस्टर लावायचे, वारा आणि माती अडायला. मोठ्या कागदाला बाजारात गिऱ्हाईक होतं. म्हणजे मॅनेजरचं म्हणणं अगदीच वेडं नव्हतं. मी पोस्टर ओरबाडून काढले असते, चार चिंध्या मागं राहिल्या असत्या, तरी ते लावले होते हे सिद्ध झालं असतं. मी नीट काढले होते.

मॅनेजरनं मला पाहिलं. "हा रोज त्याच रस्त्यानं जाते. कॉलेजातला हाय, खोटं नाई बोलनार. सांग रे, काल होते का तिथी पोस्टर?"

काल. त्यानं फक्त कालचं विचारलं. काल मंगळवार. मी कॉलेजला गेलो तेव्हा पोस्टर नव्हतेच. "नाही" एवढं म्हणालो असतो तर ते शब्दानं तरी खरं होतं. मी "नाही" म्हणालो. मग — हे कुणी विचारलं नव्हतं, ऐका, कुणीही विचारलं नव्हतं — मी म्हणालो, "शुक्रवारपासूनच नव्हते."

हे मी का जोडलं? 'पोलीस' असं मॅनेजर बोलून गेला होता. होस्टेलवरून काढतील, गावी जावं लागेल, बाजेवरची ती माणसं, हे सगळं डोळ्यांपुढं आलं. पण असं काही तुमच्याही डोळ्यांपुढं कधी आलं असेल आणि तुम्ही तरीही खरं बोलला असाल. म्हणून ते राहू द्या.

राजन्नाभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. चिंधीही न ठेवता पोस्टर कोण काढू शकतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते एक शब्द बोलले असते तरी मी सापडलो असतो. ते रागावले नव्हते. लहान मूल आता रडतं की काय म्हणून बघावं, तसं माझ्याकडं बघत होते. मग खळीतली काठी बाजूला ठेवली आणि मॅनेजरला म्हणाले, "असन, साहेब. लावाचं राहून गेलं असन माह्याकून."

दुसऱ्या दिवसापासून दुसराच माणूस पोस्टर लावू लागला.

शिवरात्रीला मी जत्रेत गेलो. तंबूबाहेर माझी नागीण लागली होती, पुरुषभर उंच, आणि बाया तिच्यापुढं फुलं ठेवत होत्या, कुणी नारळ फोडत होतं. वडील हसून हसून बेजार. "तुह्या पोस्टरले नवस बोलून राह्यले रे लोक!" मालकानं सगळ्यांसमोर त्यांच्या पाठीवर थाप मारली. मग वडिलांनी हळूच विचारलं, "राजन्नाभाऊनं देल्ले ना?" मी हो म्हणालो. निघताना त्यांनी माझ्याजवळ नव्या तांदळाची थैली दिली, भाऊंना द्यायला.

ती थैली दीड महिना माझ्या खाटेखाली होती. मुलं म्हणायची, खिचडी करू. मी करू दिली नाही, नेऊनही दिली नाही. शेवटी परीक्षा संपल्यावर चौकशी करत घुग्घुसच्या कोळसा खाणीवर गेलो. राजन्नाभाऊ तिथं ट्रकवर कोळसा भरत होते. भुवयांपर्यंत काळे. मला बघून फावडं टाकून आले, सोबतच्या दोघांना म्हणाले, "हा आपला पोरगा होय. कॉलेजात शिकते." हात माखलेले म्हणून थैली त्यांनी मनगटावर अडकवून घेतली. मला टपरीवर नेलं, चहा मागवला, पेपर कसे गेले ते विचारलं. मी सांगितलं.

मग चहा फुंकत, माझ्याकडं न बघता, ते म्हणाले, "जत्रेत कागद टिकला ना, बाबू? फाटला तं नाई?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो पुष्कळ शोधला, तेव्हाही आणि नंतरही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "नाही फाटला. चांगला टिकला."

"मंग झालं. तुह्या बापाचं बरं झालं."

सांगायची हीच वेळ होती. टपरीवर तिसरं कुणी नव्हतं. मी कप खाली ठेवला, गाडीची वेळ झाली म्हणालो. गाडीला अजून तास होता. ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले.

पोस्टर मी काढले. शुक्रवारपासून नव्हते, असं मी म्हणालो. राजन्नाभाऊंची नोकरी त्यामुळं गेली, आणि ते माझ्या तोंडून त्यांना अजून कळलेलं नाही.