बरोबर असण्याचा उपास

बाई समोर येऊन उभ्या राहायच्या, दोन्ही हात कमरेवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भांडण मिटवायला आलेय. आत्ता वेळ आहे, का नंतर येऊ?"

समोरच्याची पंचाईत व्हायची. माणूस समेट करायला येतो तेव्हा मान जरा खाली असते, निदान आवाज तरी खाली आलेला असतो. बाई मात्र कवायत घ्यायला आल्यासारख्या यायच्या. "नंतर या" म्हणायची हिंमत मी तरी कुणाची पाहिली नाही.

कवायत घेणं हेच त्यांचं काम होतं. बनारसच्या कँटोन्मेंट भागात आमची शाळा. त्या पीटी शिकवायच्या, मी संस्कृत. अख्ख्या स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. मी दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत वाढलेली, त्यामुळे माझं मराठी घरातलं आणि अर्धं हिंदीत भिजलेलं. त्यांचं नगरचं, खणखणीत. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी त्या इकडे आल्या आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. मला त्या "पंडितीण" म्हणायच्या. पहिल्याच दिवशी माझी खुर्ची सरकवून घेत त्यांनी विचारलं होतं, "काय गं पंडितीण, डबा एकटीच खातेस का रोज?" त्यानंतर मी डबा कधी एकटीने खाल्ला नाही.

बाई ख्रिस्ती होत्या, पिढ्यान्‌पिढ्या. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, त्या कडक पाळायच्या. सामिष बंद, गोड बंद. होळी बहुतेक लेंटमध्येच येते, तेव्हा बनारसमधल्या घरोघरच्या गुजिया, म्हणजे खव्याच्या करंज्या, त्यांच्यासमोर यायच्या. त्या एकालाही नाही म्हणायच्या नाहीत. सगळ्या गुजिया डब्यात भरून ठेवायच्या आणि ईस्टरच्या सकाळी खायच्या. तोवर त्यांच्या पार खडखडीत वड्या झालेल्या असायच्या. "दात शाबूत आहेत तोवर खाऊन घेते," म्हणत त्या मलाही एक द्यायच्या. ती चहात बुडवल्याशिवाय तुटायची नाही.

लेंटची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. त्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला राखेचा क्रूस लावतात. दुसऱ्या कुठल्या गावात लोक वळून बघत असतील, पण आमच्या शहरात कपाळावरची राख बघून कोण दचकणार? रिक्षावाला हात जोडून "हर हर महादेव" म्हणायचा. बाई गंभीरपणे "आपको भी" म्हणून रिक्षात बसायच्या. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

पण बाईंचा खरा उपास वेगळाच होता. दर लेंटमध्ये त्या एक भांडण मिटवायच्या. भांडणांचा तुटवडा नव्हता, कारण वर्षभर त्या सढळ हाताने भांडायच्या. आणि भांडण कुठलं निवडायचं याचा त्यांचा नियम ठरलेला होता: ज्यात आपली चूक नाही असंच निवडायचं.

मी एकदा म्हणाले, "बाई, हे उलटंच झालं. माफी चूक असणाऱ्याने मागायची ना?"

"चूक असली तर मी त्याच दिवशी जाऊन सांगते," त्या म्हणाल्या. "त्याला लेंट कशाला लागतो? लेंट लागतो तो आपण बरोबर असतो तेव्हा. बरोबर असणं सोडून बघ जरा. मटण सोडणं सोपं आहे."

तर अशा रीतीने एका वर्षी त्यांनी शाळेच्या गेटवरच्या वॉचमनशी मिटवलं, एका वर्षी दूधवाल्याशी. दूधवाला बिचारा म्हणाला, "मैडम, हम तो कब का भूल गए थे." बाई म्हणाल्या, "मैं नहीं भूली थी ना, इसलिए आई हूँ." पुढे पुढे शाळेत सगळ्यांनाच हे माहीत झालं. स्कूलबसचं काम बघणारे एक गृहस्थ होते. जानेवारीत त्यांचं आणि बाईंचं मैदानावर बस उभी करण्यावरून वाजलं. बाई भर मैदानात बोलत होत्या आणि ते शांतपणे म्हणाले, "ठीक है मैडम, इसको लेंट के लिए रख लीजिए." बाईंना हसू आलं आणि ते भांडण तिथेच संपलं. त्या वर्षी दुसरं शोधावं लागलं म्हणून त्या चांगल्याच वैतागल्या होत्या.

शनिवारी शाळा लवकर सुटायची तेव्हा बाई कधी कधी माझ्याबरोबर घरी यायच्या. आमच्या गल्लीत रिक्षा येत नाही, बरंच चालावं लागतं. त्या वाटेतल्या प्रत्येक गायीला बाजूला सारत पुढे आणि मी मागे. माझ्या आईचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. आई जुन्या वळणाची, आठवड्यातले निम्मे दिवस तिला काही ना काही उपास. दोघी बसल्या की उपासांच्या गप्पा. तुमच्यात साबुदाणा चालतो का, तुमच्यात मीठ चालतं का, तुमच्या देवाचं अंड्याशी काय वाकडं. मी ऐकत बसायचे. इतक्या मोकळेपणाने देवाधर्मावर बोलणाऱ्या दोन बायका मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

आईकडूनच मला बाईंच्या बहिणीबद्दल कळलं. बाई मला कधी बोलल्या नव्हत्या, आईला बोलल्या होत्या.

ती धाकटी बहीण नगरला राहायची. लग्न केलेलं नाही, त्या दोघींच्या आईजवळच राहिली आणि शेवटपर्यंत आईचं सगळं तिनेच केलं. आई गेली तेव्हा भर उन्हाळा होता. बाईंनी फोनवर सांगितलं, मी निघाले आहे, उद्या दुपारपर्यंत पोचते, तोवर मातीला नेऊ नका. बहीण "बरं" म्हणाली. बाई गाडीत असतानाच घरच्यांनी आईला नेलं. बाई पोचल्या तेव्हा मंडळी जेवायला बसली होती आणि बहीण पाणी वाढत होती. बाईंनी हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. दारातूनच विचारलं, "एक रात्र थांबता आलं नाही तुला?" आणि तशाच स्टेशनवर परत गेल्या. त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या. पुष्कळ वर्षं होऊन गेली होती.

या भांडणात बाई बरोबर होत्या, यात कुणाला शंका नसावी. मलाही नव्हती.

बाईंचं निवृत्तीचं वर्ष आलं. मार्चअखेर त्यांची शाळा सुटणार होती आणि ईस्टर त्यानंतर एप्रिलमध्ये होता. लेंटमधल्याच एका शनिवारी त्या घरी आल्या. आईची एकादशी होती. तिने खिचडी केली होती, वर दही, बाजूला बटाट्याची भाजी.

"मग? या साली कुणाशी मिटवलंस?" आईने विचारलं.

"शाळेच्या अकाउंटंटशी," बाई म्हणाल्या. "नाक मुठीत धरून गेले, पण मिटवलं."

आईने आपल्या ताटाकडे बोट दाखवलं. "हे बघ. ह्याला मी उपास म्हणते. पोट गच्च भरतं, ढेकर येते, आणि वर देवाला सांगायला मोकळी की आज उपाशी आहे. तुझं पण हमेशा असंच चाललंय गं. दूधवाला काय, वॉचमन काय. साबुदाणा सगळा. बहिणीचं काय केलंस?"

मला वाटलं, आता काही खरं नाही. बाईंना कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पण त्यांनी खिचडी संपवली, ताट उचललं, घासून ठेवलं आणि गेल्या. आई मला म्हणाली, "रागावली का?"

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन त्यांच्या चर्चमध्ये मोठी उपासना असते. येशूने क्रूसावरून जी सात वचनं उच्चारली, त्या एकेका वचनावर मंडळीतलं एक एक जण उठून बोलतं. बाई दर वर्षी पाचव्या वचनावर बोलायच्या, तहानेच्या. "तहान मला कळते," असं त्या म्हणायच्या. "मैदानावर पोरं चक्कर येऊन पडतात तेव्हा पाणी घेऊन मीच धावते." त्यांचं ते बोलणं ऐकायला मी दोनदा गेले होते. मागच्या बाकावर बसायचे. बाई अगदी पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळं सांगायच्या, आणि लोकांचे डोळे भरून यायचे. पहिलं वचन मात्र त्या कधी घ्यायच्या नाहीत. ते क्षमेचं आहे. आपल्याला खिळे ठोकणाऱ्यांसाठी केलेली प्रार्थना.

त्या वर्षी त्यांनी चर्चच्या पाळकांकडून पहिलं वचन मागून घेतलं.

मला आनंद झाला. मग त्यांची तयारी बघून धास्ती वाटायला लागली. बाई बोलायला कधी अडल्या नव्हत्या, आणि आता रोज मला फोन करून "हे वाक्य कसं वाटतं?" विचारायच्या. वाक्यं सुंदर असायची. मी तसं सांगितलं की त्या म्हणायच्या, "हो ना? सुंदरच आहे. म्हणून तर कापून टाकतेय." एकदा म्हणाल्या, "काल तिला फोन लावला होता."

"मग?"

"माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला." आणि पुढे म्हणाल्या, "बरोबरच आहे तिचं." त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुणाचं बरोबर असणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

गुड फ्रायडेच्या सकाळी मी पांढरी साडी इस्त्री करत होते तेव्हा बाईंचा फोन आला. मागून गाडीचा आवाज येत होता.

"पंडितीण, चर्चला जाणार आहेस ना? मग पाळकांना सांग, पहिलं वचन दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी भुसावळ सोडलंय."

मी म्हटलं, "बाई, आज? आज तुमचा एवढा मोठा दिवस."

"म्हणून तर काल निघाले. तिथे उभी राहून काय बोलणार होते मी? लोक रडले असते आणि मी घरी जाऊन जेवले असते."

"आणि त्यांनी दार उघडलं नाही तर?"

"तर पायरीवर बसेन. बारा ते तीन नाहीतरी बसायचंच असतं," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता, खणखणीत. पण लगेच त्यांनी विचारलं, "उघडेल ना गं?" हे मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. मी "उघडतील" म्हणाले. मला काय माहीत होतं? तरी म्हणाले, आणि चर्चला जाईपर्यंत मनात तेच घोकत राहिले.

पाळक तरुण होते. मी निरोप सांगितला तसे ते लगेच आत निघून गेले. मला वाटलं, चिडले. उपासना सुरू झाली, एक गीत झालं, आणि ते पुढे येऊन म्हणाले, "पहले वचन पर जो बहन बोलने वाली थीं, वे रास्ते में हैं. उनकी जगह कोई नहीं बोलेगा. हम उतनी देर चुप बैठेंगे."

आणि सगळे गप्प बसले. पंखे फिरत होते, बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते. ज्यांना ठाऊक होतं ते आणि ज्यांना ठाऊक नव्हतं तेही मान खाली घालून बसले होते. मी ख्रिस्ती नाही, मला त्यांच्या प्रार्थना येत नाहीत. मी फक्त त्या दाराचा विचार करत होते, जे मी कधी पाहिलेलं नव्हतं. मनमाड झालं असेल, आता नगरची बस मिळाली असेल, आता उतरल्या असतील. इतकं मन लावून मी आमच्या मंगला गौरीपुढेही कधी बसले नसेन.

तीन वाजले, उपासना संपली, फोन आला नाही. घरी आले. आईने डोळ्यांनीच विचारलं, मी नकारार्थी मान हलवली. दिवे लागायच्या सुमाराला फोन वाजला. बाईंचाच नंबर होता.

"बाई! पोचलात?"

"मी तिची बहीण बोलतेय." आवाज तसाच मोठा, फक्त जरा दमलेला. "तुम्हाला कळवायचं राहिलंय म्हणत होती, म्हणून लावला."

"दार उघडलंत तुम्ही," मी म्हणाले. वेड्यासारखं वाक्य, पण तेच तोंडातून आलं.

"चर्चमधून आले तर ही पायरीवर. किती वेळची बसली होती कोण जाणे. शेजारी विचारायचं, पाणी मागायचं, काही नाही. ऊन केवढं आहे इथं." ती म्हणाली. "लाल झालीय नुसती."

"आता कशा आहेत?"

"जेवली. उपास आहे म्हणत होती, मी ऐकलं नाही. आईच्या खाटेवर पडली ती झोपूनच गेली. आम्हा दोघींना बोलायचंय खूप. उठवू का तिला? तुमच्याशी बोलायचं असेल."

"नको, नको," मी म्हणाले. "झोपू द्या."

"झोपू देते," ती म्हणाली. "उठेल तेव्हा उठेल. मला काही घाई नाही आता."