शेजारच्या कागदावरची गोळी

धुळ्याच्या नेमबाजीच्या मैदानावर माझी जुनी लष्करी रायफल माझ्यापेक्षा शहाणी आहे. मागच्या बाकावर दर रविवारी एक म्हातारे एकटेच बसत, रिकाम्या काडतुसांच्या तोंडावरून नख फिरवत. एकदा त्यांनी माझ्या काडतुसांच्या खोक्यावरचं कारखान्याचं नाव आणि साल वाचलं.

"हाई मन्हं काम शे, भाऊ. वरणगावना कारखानामा काडतुसं भरामा सारी उमर गयी. एक बी गोळी कोठे लागनी, कोन्ही सांगं नही."

मी ऐटीत नेम धरला. माझा निशाणाचा कागद कोराच! गोळी शेजाऱ्याच्या कागदावर, अगदी मधोमध. सगळे खो खो हसले. म्हातारे तेवढे उठून उभे राहिले.

"गोळी सरळ गयी ना?"

"अगदी सरळ, आबा. चुकलो मी."

"आजून एकदाव सांग. घरमा कोन्ही बोलाले नही शे."

ती फजिती मी त्यांना तीनदा सांगितली.